सहासष्ट गुणांचा हात

खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चुलीवर खापर उपडं पडलं की मांडे करायला घरातली जाणती बाईच बसते. पुरणाची पोळी ती या हातावरून त्या हातावर घेत जाते. पोळी पसरत पसरत कोपराकडे येते आणि न फाटता खापरावर पडते. खांदा उचललेला, कोपर हवं तेवढंच वाकलेलं, पंजा क्षणात पालथा, क्षणात उताणा. प्रत्येक सांधा आपापलं काम वेगळं करतो, तेव्हा मांडा होतो.

लकव्यात नेमकं हेच जातं. हाताची ताकद गेलेली सगळ्यांना दिसते. सांध्यांचं सुटेपण गेलेलं घरच्यांच्या ध्यानात येत नाही. काही आठवड्यांनी हात वर जाऊ लागतो, 'हात आला' म्हणून घरात आनंद होतो. पण नीट बघा. खांदा उचलला की कोपर आपोआप वाकतं, बऱ्याचदा मनगट दुमडतं, बोटं मिटतात. सगळे स्नायू एकाच दोरीला बांधल्यासारखे एकदम ओढले जातात. असा हात वर जातो, पण ताटातला घास उचलत नाही.

हात परतण्याचा क्रम अमेरिकेत थॉमस ट्विचेल यांनी १९५१ साली १२१ रुग्णांच्या निरीक्षणातून मांडला. मूळच्या स्वीडनच्या सिग्ने ब्रुन्स्ट्रॉम यांनी त्याचे टप्पे पाडले: आधी लुळा, मग ताठर आणि बांधलेला, मग हळूहळू सुटा. १९७५ साली गोथेनबर्गच्या आक्सेल फुग्ल-मेयर आणि सहकाऱ्यांनी या टप्प्यांना गुण लावले. हाताच्या हालचालीला पूर्ण गुण ६६. पन्नास वर्षं झाली, तरी जगभर नव्या उपचारांचा कस याच पट्टीवर लावला जातो.

या पट्टीला वीज लागत नाही, हे आपल्याकडे केवढं मोलाचं! एक खुर्ची, रिफ्लेक्सची हातोडी, कागदाचा कपटा, पेन्सिल, छोटा डबा, टेनिसचा चेंडू आणि सेकंदकाटा. साधारण अर्ध्या तासाचं काम. प्रत्येक हालचाल आधी चांगल्या हातानं करायची, मग दुखऱ्या. त्यामुळे फक्त अहिराणी बोलणाऱ्या आजीलाही काय करायचं ते बघूनच कळतं.

पंजा विरुद्ध बाजूच्या गुडघ्यावरून उचलून आपल्या बाजूच्या कानाशी न्यायचा. हे बांधलेल्या हातालाही थोडंफार जमतं. खरी परीक्षा पुढे आहे. कोपर सरळ ठेवून हात समोर खांद्याच्या उंचीपर्यंत आणायचा. कोपर सुरुवातीलाच वाकलं तर शून्य, वाटेत वाकलं तर एक, शेवटपर्यंत सरळ राहिलं तर दोन. मग कोपर तसंच सरळ ठेवून पंजा उताणा-पालथा करायचा. मांड्याला लागते ती हीच हालचाल.

नंतर बोटं. अंगठ्याच्या बेचक्यात कागद धरायचा, चिमटीत पेन्सिल. तपासणारा ती हलकेच ओढून बघतो. शेवटी डोळे मिटून तर्जनी गुडघ्यावरून नाकाच्या शेंड्यावर, पाच वेळा, होईल तितक्या लवकर. हात थरथरतो का, नेम चुकतो का, वेळ किती लागतो, हे पाहायचं. चांगल्या हाताच्या वेळेशी फरक दोन सेकंदांहून कमी असेल तर वेळेचे पूर्ण गुण. फरक सहा किंवा त्याहून जास्त सेकंदांचा असेल तर शून्य. समन्वयाच्या या भागाला ६६ पैकी ६ गुण आहेत.

मोठ्या प्रयोगशाळांत त्वचेवर इलेक्ट्रोड लावून कोणता स्नायू कोणाबरोबर ओढला जातो, हेही मोजतात. ते ज्ञान हवंच. पण तिथलं मोजमाप असो की ही पट्टी, मोजली जाते ती हालचाल, संसार नव्हे. वेणी घालता येते का, बटण लागतं का, हे वेगळं विचारावंच लागतं.

चोपडा, शिरपूर, साक्रीहून माणसं लकव्याचा रुग्ण घेऊन जळगावला, धुळ्याला येतात आणि विचारतात, "डॉक्टरसाहेब, हात येईल ना?" त्यांनी आणखी एक प्रश्न विचारावा: "आज ६६ पैकी किती?" उत्तर तारखेसह फाईलवर लिहून घ्या आणि पुढच्या खेपेला ती फाईल सोबत आणा. जुन्या लकव्यातही चार-सात गुणांची वाढ खरीखुरी सुधारणा मानतात, आणि ती नुसत्या डोळ्यांना दिसेलच असं नाही. आणि रुग्णाला उठवताना दुखऱ्या हाताला धरून कधीही ओढू नका. लुळा खांदा त्यानं निखळू शकतो.