मासोळीच्या गाडीची चेन : घरीच साफ करा, पण इंजिन बंद ठेवून



पहाटे तलावावरून मासोळी काढायची, क्रेटमध्ये बर्फ टाकायचा आणि मोटरसायकलला बांधून पांढुर्णा नाहीतर सौंसरचा बाजार गाठायचा, हे आपलं रोजचं काम. आता क्रेट कुठे असतो ते बघा. मागच्या चाकाच्या वर. बर्फ वितळला की पाणी खाली गळतं, त्यात मासोळीचा चिकटा असतो, आणि ते पडतं थेट चेनवर. वरून तलावाकाठची रेती आणि चिखल. शहरातल्या ऑफिसला जाणाऱ्या गाडीची चेन जेवढी टिकते तेवढी आपली टिकत नाही, त्याचं कारण हेच आहे. काही जण बर्फ टिकावा म्हणून त्यात मीठ टाकतात, त्यांच्या चेनला तर गंज लवकर धरतो. आणि चेन घाटात तुटली की नुसती गाडी थांबत नाही, रोहू-कतलाचा भाव पण तासातासाने उतरतो.

म्हणून पहिलं काम, क्रेटला खाली एकच भोक ठेवा आणि त्याला प्लास्टिकची नळी लावून ती मडगार्डच्या मागे, चाकापासून दूर सोडा. बहुतेक गाड्यांत चेन डाव्या बाजूला असते, पण म्हणून नळी उजवीकडे सोडू नका, तिकडे ब्रेक असतो.

आता सफाई. सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. गाडी डबल स्टँडवर लावून, पहिल्या गिअरमध्ये चालू ठेवून, फिरत्या चेनला फडकं धरायची पद्धत गॅरेजमध्येही दिसते. ती करू नका. फडकं चेन आणि चक्राच्या मध्ये ओढलं गेलं की बोट सोबतच जातं, हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. ज्या हाताने जाळं ओढायचं त्याच हाताचा प्रश्न आहे. इंजिन बंद, चावी खिशात, गाडी न्यूट्रलमध्ये. चाक हाताने फिरवायचं आणि तेही उलटं, म्हणजे मागच्या दिशेने. चाक उलटं फिरलं की चेनची खालची बाजू मागच्या चक्रापासून दूर सरकते. ब्रश तिथेच, खालच्या बाजूला धरायचा. लहान पोरांना जवळ येऊ देऊ नका.

स्प्लेंडरसारख्या गाडीला बंद चेनकव्हर असतं, ते खोलून घ्या. जुना दातघासणीचा ब्रश आणि वाटीभर केरोसीन पुरे. केरोसीन मिळत नसेल तर साध्या चेनला डिझेल चालतं. पेट्रोल नको, एक तर आगीची भीती, दुसरं म्हणजे काही गाड्यांच्या चेनमध्ये कड्यांच्या मध्ये रबरी रिंगा असतात, त्या पेट्रोलने खराब होतात. तारेच्या ब्रशनेही त्या फाटतात. मळ सुटला की कोरड्या फडक्याने पुसा आणि चेन पूर्ण वाळू द्या. ओल्यावर तेल टाकून उपयोग नाही.

तेल कुठे टाकायचं, यात बऱ्याच जणांची गल्लत होते. चेनची झीज बाहेरून दिसत नाही. प्रत्येक कडीत एक पिन असते, तिच्यावर बुश आणि त्यावर फिरणारा रोलर. ही रचना हान्स रेनॉल्डने 1880 मध्ये मँचेस्टरला काढली, अजून तीच चालते. झिजते ती पिन आणि बुश, म्हणून तेल आत पोचलं पाहिजे. वरून थापलेलं घट्ट ग्रीस आत जातच नाही, उलट रेती धरून ठेवतं. बैलगाडीला ओंगण देताना आपण चाक सरकवून कण्याला देतो, चाकाच्या धावेला फासत नाही. इथेही तसंच. 90 नंबरचं गिअर ऑइल घ्या आणि खालच्या चेनच्या आतल्या अंगाला, कड्यांच्या जोडावर थेंब थेंब सोडत चाक फिरवा. गाडी धावली की तेल आपोआप बाहेरच्या बाजूला पसरतं. इंजिनचं जळकं तेल फुकट मिळतं हे खरं, पण त्यात धातूचा चुरा आणि काजळी असते. हे काम संध्याकाळी गाडी आल्यावर करा, चेन थोडी गरम असते. रात्रभर मुरू द्या आणि सकाळी वरचं तेल पुसून काढा. टायरवर उडालं असेल तर तेही पुसा, नाहीतर वळणावर चाक घसरेल.

साधारण 500 किलोमीटरला एकदा हे करायचं. रोजचे 30 किलोमीटर धरले तर सतरा दिवस होतात, पण पावसात आणि बर्फाच्या गाडीला आठ दिवसांनी करावं. 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते तेव्हा गाडी तशीच उभी ठेवू नका, आधी चेनला तेल द्या.

सोबतच ढील बघा. खालची चेन मधोमध बोटाने वरखाली करा, लहान गाड्यांत 20 ते 30 मिलिमीटरच्या आसपास हलली पाहिजे. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. फार ताणू नका, क्रेट चढवल्यावर ती आणखी ताठ होते. जोडाची क्लिप असेल तर तिचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला हवं.

चेन बदलायची कधी? 100-110 सीसीच्या बहुतेक गाड्यांना 428 नंबरची चेन असते. चेन ताणून धरा आणि 20 कड्या मोजा. पिनपासून पिनपर्यंत नवी असते 254 मिलिमीटर, 259 झाली की बदला, आणि दोन्ही चक्रं सोबत बदला. जुन्या चक्रावर नवी चेन लवकर झिजते.

आणि हे सगळं तलावाच्या काठावर करू नका. केरोसीन-तेलाचा पातळ थर पाण्यावर पसरला की हवा पाण्यात नीट मिसळत नाही आणि आपलंच बीज गुदमरतं. गाडीखाली जुना पत्रा ठेवून त्यावर रेती नाहीतर लाकडाचा भुसा पसरा. हात साबणाने धुतल्याशिवाय क्रेटला लावू नका. मासोळीला केरोसीनचा वास लागला तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.