नको ती मते

आपणहून चालत आलेले मत परत पाठवणारा उमेदवार विरळाच. मत द्वेषातून पडले की विचारातून, हे मोजणीच्या टेबलावर कळत नाही. पंचाईत होते ती मत देणारा गावभर सांगत सुटतो तेव्हा. अमेरिकेच्या निवडणुकांत गेल्या शंभर वर्षांत ही पंचाईत दोन्ही पक्षांच्या वाट्याला आली. कोणी कसा मार्ग काढला हे ओळीने पाहिले, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. पाठिंबा कोणी दिला यावरून उमेदवाराची पारख होत नाही. त्याने नकार कधी दिला, कोणाचे नाव घेऊन दिला आणि त्यापायी त्याने काय पणाला लावले, यावरून ती होते.

1924 साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले. काळे, ज्यू आणि कॅथलिक यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या कू क्लक्स क्लॅनचे सभासद तेव्हा लाखांच्या घरात होते. त्यांतले कितीतरी याच पक्षाचे मतदार. धार्मिक आणि वांशिक द्वेषाचा मोघम निषेध करायला कोणाचीच हरकत नव्हती. भांडण पेटले ते ठरावात क्लॅनचे नाव घालायचे की नाही, यावर. तीन वेळा अध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन नाव गाळावे म्हणून बोलायला उभे राहिले, तेव्हा सज्जांतून त्यांची हुर्यो उडवली गेली. तरी नाव गळलेच. हजारावर मतांच्या मोजणीत फरक होता जेमतेम एका मताच्या आसपास. त्या कडवटपणात उमेदवार ठरायला 103 फेऱ्या लागल्या. अखेर निवडलेल्या जॉन डेव्हिस यांनी ऑगस्टमध्ये न्यू जर्सीतल्या भाषणात क्लॅनचा नाव घेऊन निषेध केला. प्रतिस्पर्धी केल्विन कूलिज मूग गिळून बसले आणि मोठ्या फरकाने जिंकले. डेव्हिस काही क्लॅनमुळे हरले नाहीत. देशात भरभराट होती. पण गप्प बसून काही बिघडत नाही, एवढा बोध राजकारण्यांनी घेतला.

नकार देऊनही काही बिघडत नसेल, तर तो स्वच्छ शब्दांत येतो. 29 सप्टेंबर 1936 रोजी सिरॅक्यूज येथे फ्रँकलिन रुझवेल्ट यांनी कम्युनिस्टांचा पाठिंबा आपण मागितलेला नाही आणि तो आपल्याला नकोच, असे ठणकावले. त्या वर्षी 48 पैकी 46 राज्ये त्यांना मिळाली. मूठभर कम्युनिस्ट मतांवाचून त्यांचे काही अडले नाही. उलट 1948 मध्ये प्रोग्रेसिव्ह पक्षातर्फे उभे राहिलेल्या हेन्री वॉलेस यांनी कम्युनिस्टांना दूर लोटायला नकार दिला. ते त्यांच्या तत्त्वाला धरून असेलही. पण त्या पक्षाची प्रचारयंत्रणाच बरीचशी कम्युनिस्टांच्या खांद्यावर होती. वॉलेस यांना मते पडली सुमारे 2.4 टक्के.

धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी खरी गत झाली रिपब्लिकन पक्षाचे 1964 चे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांची. कडव्या कम्युनिस्टविरोधी जॉन बर्च सोसायटीचे संस्थापक रॉबर्ट वेल्च यांनी माजी अध्यक्ष आयझेनहॉवर यांनाच कम्युनिस्ट कटाचे हस्तक ठरवले होते. 1962 च्या जानेवारीत पाम बीचच्या एका हॉटेलात गोल्डवॉटर, संपादक विल्यम बकली आणि काही मंडळी बसली. तोडगा निघाला तो असा : वेल्च यांच्यावर तुटून पडायचे, पण सभासदांना दुखवायचे नाही. कारण घरोघर जाऊन प्रचार करणारे हातपाय तेच होते. म्होरक्याला झोडपायचे आणि पलटण ठेवून घ्यायची, ही युक्ती पुढे अनेकांच्या कामी आली. 1964 च्या रिपब्लिकन अधिवेशनात गोल्डवॉटर यांचे पक्षातले प्रतिस्पर्धी नेल्सन रॉकफेलर यांनी क्लॅन, कम्युनिस्ट आणि बर्च सोसायटी यांचा नाव घेऊन निषेध करा म्हटले, तर त्यांना धड बोलूही दिले नाही. त्याच अधिवेशनात गोल्डवॉटर यांनी स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी केलेला अतिरेक हा दुर्गुण नव्हे, असे सुनावले. ऑगस्टमध्ये त्यांनी अतिरेक्यांचा पाठिंबा नको म्हणून सांगितले खरे, पण बैल गेला आणि झोपा केला. नोव्हेंबरात त्यांच्या हाती ॲरिझोना आणि खोल दक्षिणेतली पाच, अशी सहाच राज्ये लागली.

क्लॅनचा माजी म्होरक्या डेव्हिड ड्यूक स्वतःच रिपब्लिकन उमेदवार म्हणून उभा राहिला, तेव्हा पक्षनेत्यांनी वेगळी वाट धरली. 1989 साली लुइझियानाच्या विधानसभेसाठी रेगन आणि थोरले बुश या दोघांनी त्याच्या विरोधकाला पाठिंबा दिला. तरी ड्यूक 227 मतांनी निवडून आला. 1991 मध्ये तो गव्हर्नरपदाच्या अंतिम फेरीत पोचला. समोर भ्रष्टाचाराच्या आरोपांनी गाजलेले डेमोक्रॅट एडविन एडवर्ड्स. अध्यक्ष बुश यांनी स्वपक्षाच्या या उमेदवाराला उघड झिडकारले. गाड्यांवर स्टिकर झळकले : लबाडालाच मत द्या, ते महत्त्वाचे आहे. एडवर्ड्स यांना 61 टक्के मते पडली. मात्र ड्यूकलाही पावणेसात लाखांच्या आसपास मते होती. नेत्याच्या नकाराने उमेदवार पडतो, मतदार नाहीसा होत नाही.

याच ड्यूकने 2016 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांची बाजू घेतली. 2000 साली रिफॉर्म पार्टी सोडताना ट्रम्प यांनी त्याचे नाव घेऊन नापसंती नोंदवली होती. 26 फेब्रुवारी 2016 च्या पत्रकार परिषदेत त्यांनी एका वाक्यात हात झटकले. दोनच दिवसांनी सीएनएनच्या मुलाखतीत मात्र ड्यूकबद्दल आपल्याला काही ठाऊक नाही म्हणाले. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत पक्षाचा उमेदवार निवडण्याचे मतदान दोन दिवसांवर होते. दुसऱ्या दिवशी दोष कानातल्या यंत्रावर गेला. 29 सप्टेंबर 2020 च्या वादविवादात तर प्राउड बॉइज या टोळीला त्यांनी मागे हटून सज्ज राहायला सांगितले. रुझवेल्ट यांच्या भाषणाचीच ही तारीख, 84 वर्षांनंतरची. 6 जानेवारी 2021 च्या संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात या टोळीच्या म्होरक्याला 22 वर्षांची शिक्षा झाली आणि 20 जानेवारी 2025 ला ट्रम्प यांनीच त्याला माफी दिली.

अतिरेकी पाठिंबा कोणाच्याही गळ्यात पडू शकतो. पाठिंबा देणारे ‘नेशन ऑफ इस्लाम’चे नेते लुई फराखान यांच्या ज्यूद्वेषी वक्तव्यांबद्दल 2008 मध्ये बराक ओबामांनाही वादविवादात खुलासे द्यावे लागले. त्यांनी निषेध केला आणि पाठिंबाही नाकारला. तेव्हा केवळ पाठिंब्यावरून कोणाला फासावर चढवू नये. पण एखादा उमेदवार ‘मी सर्व प्रकारच्या द्वेषाचा निषेध करतो’ म्हणाला, की मतदाराने तिथेच थांबवून विचारावे : कोणाच्या द्वेषाचा? नाव घ्या. आणि ते मतदानाच्या आधी घ्या.