शोधनिबंधावर नाव कोणाचे?

वैद्यकीय शोधनिबंध प्रसिद्ध होतो तेव्हा त्याच्या शीर्षकाखाली लेखकांची नावे छापलेली असतात. निबंधातील मजकूर खरा आहे आणि त्याबद्दल आम्ही उत्तर देऊ, अशी ती एक प्रकारची हमीच असते. म्हणून हे नाव कोणी लावावे, हा प्रश्न विद्वानांपुरता मर्यादित राहत नाही.

सिल्वासानजीक सायली येथील नमो वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था २५ एप्रिल २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रास अर्पण करण्यात आली. आदिवासी भागांत आढळणाऱ्या सिकलसेल आजाराचेच उदाहरण घेऊ. भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. अशा आजाराचा अभ्यास पाड्यापाड्यांतून घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यांवर आधारलेला असतो. ज्यांनी विश्वासाने रक्त दिले, त्यांच्याविषयी चुकीचे लिहिले गेले तर जाब कोणाला विचारावयाचा? निबंधावरील नावे येथे महत्त्वाची ठरतात.

लेखकत्वाच्या चार अटी

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांचा एक गट १९७८ साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे जमला. त्यातूनच पुढे संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती आकारास आली. तिच्या नियमांनुसार लेखकाने चारही अटी पूर्ण केल्या पाहिजेत: संशोधनाची आखणी, माहितीचे संकलन किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा, लेखन अथवा चिकित्सक सुधारणा, अंतिम मसुद्यास संमती, आणि संपूर्ण कामाचे उत्तरदायित्व. चौथी अट २०१३ साली जोडण्यात आली. केवळ निधी मिळवून देणे किंवा सर्वसाधारण देखरेख करणे एवढ्याने कोणी लेखक ठरत नाही. अशांचा उल्लेख ऋणनिर्देशात करावा. संगणकीय कृत्रिम बुद्धिमत्तेला उत्तर देण्याची जबाबदारी घेता येत नाही. म्हणून तिलाही लेखक मानू नये, असे समितीने २०२३ साली स्पष्ट केले.

नीतिशास्त्रातील लेखन

वैद्यकातील योग्य-अयोग्याचा विचार करणारे शास्त्र म्हणजे जैवनीतिशास्त्र. तत्त्वज्ञ व कायदेपंडित या विषयावर परंपरेने एकट्यानेच लिहीत आले. आता रुग्णांच्या मुलाखती व पाहण्या यांवर आधारलेले अभ्यास वाढले असून डॉक्टर, समाजशास्त्रज्ञ व परिचारिका एकत्र लिहितात. साहजिकच निबंधांवरील नावेही वाढली आहेत. आपल्याकडे मुंबईत १९९३ साली काही डॉक्टरांनी वैद्यकीय नीतिशास्त्राचे नियतकालिक सुरू केले. तेच आज ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ या नावाने ओळखले जाते.

पदोन्नती आणि मोह

वैद्यकीय अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी शोधनिबंध मोजले जातात. भारतीय वैद्यक परिषदेने २०१५ साली पहिल्या दोन लेखकांनाच गुण देण्याचे ठरविले. २०१७ मध्ये प्रथम लेखक व पत्रव्यवहार करणारा लेखक, तर २०२० मध्ये पहिले तिघे अथवा पत्रव्यवहार करणारा लेखक, असा बदल झाला. नावाच्या क्रमावर बढती अवलंबून राहिली की क्रमासाठी चढाओढ होते. काम न करणाऱ्या वरिष्ठाचे नाव आदरापोटी घातले जाते आणि नमुने तपासणारा कनिष्ठ सहकारी वगळला जातो. पहिल्या प्रकारात जबाबदारी नसलेल्यास मान मिळतो, दुसऱ्यात खरी माहिती असलेला माणूस अदृश्य होतो. दोन्हींमुळे वाचकाची दिशाभूल होते.

काय करावे?

संशोधकांनी कामाच्या आरंभीच नावे व त्यांचा क्रम लेखी ठरवावा आणि काम बदलल्यास त्याचा फेरविचार करावा. घरोघरी फिरणाऱ्या आशा सेविका व दुभाषे यांचे साहाय्य ऋणनिर्देशात नमूद करावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतही हीच शिस्त लावावी. दुसऱ्याच्या कष्टावर आपले नाव घालू नये, हा धडा शाळेतच गिरवता येतो.

ग्रामस्थांचाही येथे अधिकार आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संशोधनाची माहिती सहभागी व्यक्तीस समजेल अशा भाषेत दिली पाहिजे. सहभाग ऐच्छिक असतो आणि तो केव्हाही थांबविता येतो. रक्ताचा नमुना देण्यापूर्वी अभ्यास कोणाचा, कशासाठी आणि शंका आल्यास कोणास भेटावे, हे प्रत्येकाने निःसंकोच विचारावे. ज्यांना या प्रश्नांची उत्तरे देता येतील, त्यांचीच नावे उद्या निबंधावर असावीत.