पाऊस सापडतो, पावसाळा निसटतो

माझी रोजनिशी टर्मिनलमध्ये, म्हणजे संगणकाला टाइप करून कमांड द्यायच्या खिडकीत, आहे. दोन अक्षरांची कमांड टाइप करून एंटर दाबला, की चालू महिन्याची फाइल उघडते. तळाशी आजची तारीख, वार आणि वेळ आधीच पडलेली असते आणि कर्सर खालच्या रिकाम्या ओळीवर येऊन थांबतो. यामागे शेलच्या, म्हणजे त्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सेटिंगमध्ये लिहिलेल्या मोजक्या ओळी आहेत. ‘डेट’ ही युनिक्सची जुनी कमांड तारीख देते, >> ही खूण ती फाइलीच्या शेवटी जोडते आणि मग ‘विम’ हा एडिटर फाइल उघडतो. लिनक्सवर मराठी लोकेल, म्हणजे भाषेची सेटिंग, बसवून चालू केलेली असेल, तर वारही मराठीत उमटतो.

त्या पडद्यावर दुसरे काहीच नसते. ना कुणाचा निरोप, ना ‘आज कसं वाटतंय’ म्हणून विचारणारे चेहरे. त्यामुळे माझ्या नोंदी आखूड झाल्या आणि खऱ्याही. ‘लिफ्ट बंद. आईला जिना चढताना दोनदा थांबावं लागलं.’ एवढेच. वहीत मी यावर पानभर लिहिले असते आणि बहुधा आईचे थांबणे त्यात हरवले असते.

फाइलीचे नाव वर्ष आधी, मग महिना, असे ठेवावे. ‘2024-07’ असे नाव दिले, की यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. मजकूर साधा ठेवावा, म्हणजे तो कुठल्याही एडिटरमध्ये उघडतो.

या पद्धतीचे खरे सुख शोधण्यात आहे. हे शोधणारी ‘ग्रेप’ ही कमांड केन थॉम्पसन यांनी 1973 च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये लिहिली. ज्या यूटीएफ-8 पद्धतीमुळे देवनागरी मजकूर आज साध्या फाइलीत राहतो, तीही त्यांनीच रॉब पाइक यांच्याबरोबर 1992 मध्ये आखली. ‘आई’ हा शब्द फाइलीत सहा बाइट घेतो. ते सहा बाइट जिथे जिथे आले, तिथल्या सगळ्या ओळी ग्रेप क्षणात समोर ठेवते. अनेक वर्षांतली आई अशी एका पडद्यावर सलग वाचली, तेव्हा तिचे जिन्यात थांबणे नेमके केव्हा सुरू झाले ते मला कळले. रोज तिच्याबरोबर राहून ते लक्षात आले नव्हते.

मराठीत मात्र ग्रेपला थोडे शिकवावे लागते. ‘पाऊस’ शोधला, तर ‘पावसात भिजलो’ ही ओळ येत नाही आणि पावसाळाही येत नाही. विभक्तीपूर्वी शब्दाचे अंगच बदलते आणि ग्रेप तर अक्षराला अक्षर लावून पाहते. म्हणून मी ‘पाऊस’ किंवा ‘पावस’ असे दोन्ही एकदम शोधतो. नोंदीच्या शेवटी मूळ शब्द @ लावून लिहिण्याची सवयही उपयोगी पडते: @पाऊस, @दवाखाना.

याहून चकवणारी गोष्ट ‘वाऱ्यावर’ या शब्दात आहे. त्यातला ‘ऱ्य’ काही कीबोर्ड ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने लिहितात. काही साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण फाइलीत बाइट वेगळे. फोनवर लिहिलेली नोंद संगणकावर शोधून मिळाली नाही, तर आधी इथे पाहावे आणि ‘सेड’ या कमांडने सगळीकडे एकच रूप करून घ्यावे.

बऱ्याच टर्मिनलांत देवनागरी नीट दिसतही नाही. तिथे प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचा चौकोन मिळतो. वेलांटी आणि जोडाक्षर त्यात मावत नाहीत, कर्सर भलतीकडे जातो. मजकूर शाबूत असतो, फक्त दिसणे बिघडते. हा त्रास असेल तर कमांड टर्मिनलमध्येच द्यावी, पण विमऐवजी ‘केट’ किंवा ‘जीएडिट’ या वेगळ्या खिडकीतल्या एडिटरमध्ये फाइल उघडावी. मराठीसाठी ही तडजोड मला योग्य वाटते.

खासगीपणाचे भान ठेवाच. कमांडच्या ओळीतच नोंद लिहिली, तर ती शेलच्या इतिहासातही साठते. बॅश या शेलमध्ये ‘इग्नोअरस्पेस’ चालू करून आधी एक स्पेस सोडली, की साठत नाही. जुने महिने ‘जीपीजी’ या कूटलेखनाच्या साधनाने कुलूपबंद करता येतात; पासवर्ड विसरलात, तर मात्र ते महिने गेले म्हणून समजा.

सुरुवात करायची असेल, तर एक गोष्ट आधी करा. >> फाइलीत भर घालते, पण एकच > टाइप झाला तर आधीचा सगळा मजकूर पुसला जातो, विचारणाही होत नाही. बॅशच्या सेटिंगमध्ये ‘नोक्लॉबर’ चालू केले, की शेल असे पुसायला नकार देते. पहिली नोंद लिहिण्यापूर्वी ती सेटिंग करून ठेवा.