क्रूझर की टुरिंग? मोटारसायकल निवडण्यापूर्वी रस्ता पाहावा

नवी दिल्ली : दूरच्या प्रवासासाठी मोटारसायकल घ्यायचे ठरले की ग्राहकापुढे दोन घराणी उभी राहतात. एक क्रूझर : बुटकी बैठक, पुढे पसरलेले पाय, इंजिनाचा धीरगंभीर आवाज. दुसरे टुरिंग : उंच, ताठ बैठकीचे, खडबडीत वाटांना सरावलेले. जाहिरातींत दोघांच्याही मागे बहुधा हिमालयच असतो आणि गफलतीची सुरुवात तेथूनच होते.

क्रूझरचा आकार अमेरिकेतील सरळ, रुंद महामार्गांवर घडला. तिच्यावर पाय पुढे असल्याने स्वाराचा बहुतेक भार कंबर आणि माकडहाडावर येतो. सपाट रस्त्यावर ही बैठक सुखद वाटते. खड्डा आला, की मात्र फरक कळतो. टुरिंग मोटारसायकलचे पायदान शरीराच्या खाली असते. स्वार क्षणभर त्यावर उभा राहून धक्का गुडघ्यांत जिरवू शकतो. क्रूझरवर ते जमत नाही. शिवाय बैठक खाली ठेवण्यासाठी मागच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरची हालचाल मर्यादित ठेवलेली असते, त्यामुळे धक्का थेट मणक्यापर्यंत पोहोचतो.

रॉयल एनफिल्डच्याच दोन मोटारसायकली शेजारी ठेवून पाहाव्यात. सुपर मीटिओर ६५० ची बैठक जमिनीपासून ७४० मिलिमीटर, ग्राउंड क्लिअरन्स १३५ मिलिमीटर आणि वजन २४१ किलो. हिमालयन ४५० ची बैठक ८२५ मिलिमीटर, ग्राउंड क्लिअरन्स २३० मिलिमीटर आणि वजन १९६ किलो. राजस्थानातील लांब, सरळ रस्त्यांवर पहिली आनंद देईल. स्पितीच्या दगडगोट्यांत मात्र तिचे पोट घासण्याची धास्ती कायम राहील.

याचा अर्थ टुरिंगच सरस, असा नव्हे. बेताच्या उंचीच्या स्वाराचे दोन्ही पाय उंच मोटारसायकलवरून जमिनीला पुरेसे टेकत नाहीत. नवखे स्वार पुष्कळदा वेगात नव्हे, तर उतारावर किंवा वाहतूक कोंडीत थांबताना तोल जाऊन पडतात. तेथे क्रूझरची बुटकी बैठक हाच मोठा आधार ठरतो. विक्री दालनात हा मुद्दा क्वचितच निघतो. अश्वशक्तीची चर्चा मात्र लांबते.

वास्तविक अश्वशक्तीचे महत्त्व आपल्याकडे मर्यादितच आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार चौपदरी विभाजित महामार्गांवरही मोटारसायकलसाठी कमाल वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना प्रवेश नाही. बेंगळुरू-म्हैसूर द्रुतगती मार्गाच्या मुख्य मार्गिकाही १ ऑगस्ट २०२३ पासून त्यांना बंद आहेत. ताशी ८० ला न थरथरणारे इंजिन असले, तर बहुतेकांचे काम भागते.

इंजिनाच्या क्षमतेचा खिशाशी मात्र थेट संबंध आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर १८ टक्के, तर त्यापुढील मोटारसायकलींवर ४० टक्के वस्तू व सेवा कर लागतो. तृतीय पक्ष विम्याचा हप्ताही ३५० सीसीच्या वर वाढतो. ३४९ सीसीची मीटिओर ३५० ही क्रूझर त्यामुळे ४५२ सीसीच्या हिमालयनपेक्षा करात बरीच हलकी पडते. टुरिंग हवीच असेल आणि कर टाळायचा असेल, तर सुझुकीची २४९ सीसीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स हा पर्याय आहे. तिची बैठक मात्र ८३५ मिलिमीटर उंच आहे.

मागे बसणाऱ्या व्यक्तीचे मत तर फारसे कोणी विचारतच नाही. अनेक क्रूझरवर मागची गादी अरुंद असते आणि पाठीला टेकू वेगळा बसवून घ्यावा लागतो. दालनात चाचणी फेरी घेताना जोडीदाराला मागे बसवून किमान अर्धा तास, तोही खराब रस्त्यावर, चालवून पाहणे इष्ट.

वर्षभर कार्यालय ते घर आणि एकदाच लडाख, असा बेत असणाऱ्यांनी त्या एका सहलीसाठी उंच टुरिंग घेण्याची गरज नाही. लेहमध्ये अशा मोटारसायकली भाड्याने मिळतात. मनाली किंवा दिल्लीहून भाड्याने आणलेली मोटारसायकल खारदुंग ला, पँगाँगकडे नेण्यास तेथील स्थानिक संघटनांचा विरोध असतो. म्हणून ती लेहमध्येच घ्यावी.