भुईचक्रातले च आणि क

धाराशिव जिल्ह्यातलं, वाशी तालुक्यातलं तेरखेडा मराठवाड्यात फटाक्यांच्या कारखान्यांसाठी ओळखलं जातं. भाषेच्या अभ्यासकाला तिथल्या मालाइतकीच त्याची नावंही गुंतवून ठेवतात. भुईचक्रच घ्या.

संस्कृत चक्र, ग्रीक क्यूक्लोस, इंग्रजी व्हील. कानाला यांत नातं जाणवत नाही, आणि तरी ते भरवशाचं आहे. नुसत्या सारखेपणावर भिस्त ठेवली तर काहीही कशालाही जुळतं. आपल्याकडच्या हौशी व्युत्पत्तींचं दुकान त्यावरच चालतं. तुलनेत पाहायचं ते फरक नेमाने पडतो का. इंग्रजी व्हॉट, लॅटिन क्वोद, संस्कृत कः : नेम तोच.

चक्राचं आदिरूप 'क्वेक्वलोस' असं मांडतात. त्याआधी तारका घालतात, म्हणजे ते लिहिलेलं कुठेच सापडलेलं नाही, हिशोबाने काढलेलं आहे. त्यात एकच ध्वनी दोनदा आहे. मग संस्कृतात एकाचा च आणि दुसऱ्याचा क का? पहिल्यापुढे ऱ्हस्व 'ए' होता. त्याने कचा च केला आणि नंतर स्वतःच 'अ' होऊन गेला. १८७०च्या दशकात पाच-सहा अभ्यासकांना हे जवळपास एकाच वेळी उमगलं. तोवर संस्कृतचा 'अ' हाच मूळ स्वर धरत; तो मान ग्रीक-लॅटिनच्या ए-ओकडे गेला. संस्कृत ही या भाषांची आई नव्हे, बहीण. आणि स्वरांच्या बाबतीत बरीच बदललेली. हे एखाद्या सभेत सांगून पाहावं!

ज्यांना चाक माहीत नाही त्यांच्याकडे चाकाला शब्द नसणार. चाकांचे पुरावे इ.स.पू. ३५००च्या आगेमागे मिळू लागतात, म्हणून या बहिणींची मूळ भाषा त्याआधी फार पांगली नसावी, असा तर्क केला जातो. फिरण्याच्या धातूपासून (संस्कृतात चर्) प्रत्येकाने हा शब्द आपापला घडवला, असाही आक्षेप आहे. मला तो पटत नाही. धातूचं आद्याक्षर दुहेरी करून नाम घडवण्याची ही दुर्मीळ तऱ्हा इतक्यांना वेगवेगळी कशी सुचेल?

मराठीत इतिहासकार वि. का. राजवाडे धातूंच्या मागे लागले, कृ. पां. कुलकर्णींचा 'मराठी व्युत्पत्ति-कोश' १९४६ साली आला. फटाक्याची वात ही संस्कृत वर्तीवरून आली. तिच्यामागचा वृत् म्हणजे वळणं, लॅटिनमध्ये व्हेर्तेरे. घरोघरी वाती वळतातच. फटाक्यातली दारू फारसीतून आली; तिथे तिचा अर्थ औषध. झाडपाल्याचं औषध म्हणून अभ्यासक ती 'दार', म्हणजे लाकूड, या शब्दाशी जोडतात. तसं असेल तर देवदार आणि इंग्रजी ट्री तिचे भाऊबंद ठरतात.

फटाका मात्र या पद्धतीच्या हाती लागत नाही. फट् असा आवाज कुणालाही, कधीही काढता येतो, त्यामुळे असे शब्द ध्वनिनियमांना जुमानत नाहीत. सुतळी बॉम्बमधला बॉम्बही ग्रीक बोम्बोसकडून, म्हणजे घुमणाऱ्या आवाजाकडूनच आलेला. सुतळीचं तसं नाही : मागे सूत्र, त्यामागे सिव्, म्हणजे आपलं शिवणं, आणि इंग्रजीत तोच धातू 'सो' होऊन कपडे शिवतो.