क्यूआर कोड पुस्तकात आहे, पण मोबाइल आणि रेंज नाही? वर्गात डिजिटल धडा चालतो कसा, अडतो कुठे, जाणून घ्या

जालना : बालभारतीच्या पुस्तकात धड्याजवळ क्यूआर कोड छापलेला असतो. मोबाइलने स्कॅन केला की त्या धड्याचा व्हिडिओ किंवा सराव उघडतो. पण मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे अनेक कुटुंबं ऊसतोडीला निघतात. ज्या घरात एकच मोबाइल आहे, तिथे तोही आई-वडिलांबरोबर जातो. आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेल्या मुलांसाठी मग डिजिटल धडा पाहण्याची एकच जागा उरते, ती म्हणजे शाळेतला वर्ग. म्हणूनच वर्गातली व्यवस्था चालते की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

क्यूआर कोड पुस्तकात आला कसा?

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातील परितेवाडी जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग केला. पुढे तो राज्याच्या पुस्तकांत आला. डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी १० लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार जाहीर झाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर ९ शिक्षकांना वाटून दिली.

केंद्र सरकारचं 'दीक्षा' हे व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालं. पाठ्यपुस्तकांतले कोड याच दीक्षा अॅपमध्ये उघडतात.

कोड चालतो कसा?

कोडमध्ये व्हिडिओ नसतो, फक्त पत्ता असतो. कॅमेऱ्याने तो वाचला की दीक्षा अॅप त्या पत्त्यावरचं साहित्य इंटरनेटवरून आणतं. पान फाटलं किंवा कॅमेरा खराब असला तरी अडत नाही. कोडखाली छापलेली ६ अक्षरं-अंक अॅपमध्ये टाइप केले तरी तेच साहित्य उघडतं.

रेंज नसेल तर?

दीक्षावरचं बरंचसं साहित्य आधी डाउनलोड करून ठेवता येतं. शिक्षकांनी जिथे नेट चांगलं आहे तिथे आठवड्याचे धडे उतरवून घेतले, तर वर्गात इंटरनेटची गरज पडत नाही. डाउनलोड केलेली फाइल एका मोबाइलवरून दुसऱ्यावरही पाठवता येते. यूट्यूबच्या लिंक असलेल्या व्हिडिओंना मात्र नेट लागतंच.

व्हिडिओ दाखवला की मूल शिकतं का?

नुसतं दाखवून नाही. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने शाळकरी मुलांना मोठ्या प्रमाणावर लॅपटॉप वाटले. २०१२ मधल्या अभ्यासात गणित आणि भाषेच्या गुणांत त्याचा फरक दिसला नाही.

दिल्लीत मात्र वेगळं चित्र दिसलं. तिथे २०१५ मध्ये 'माइंडस्पार्क' हे सॉफ्टवेअर शाळेनंतरच्या केंद्रांत वापरलं गेलं. ते आधी मुलाची खरी पातळी तपासतं आणि तिथूनच प्रश्न देतं. सहावीतल्या मुलाला तिसरीचं गणित येत नसेल, तर सुरुवात तिसरीपासून होते. जोडीला छोट्या गटांत शिकवणीही होती. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी या दोन्ही विषयांत मुलांची प्रगती स्पष्ट दिसली.

फरक यंत्राचा नाही, वापराचा आहे. पाच मिनिटांचा व्हिडिओ मध्येच थांबवून 'आता पुढे काय होईल?' असं विचारलं, नंतर पाटीवर दोन गणितं सोडवून घेतली, तर तो धडा होतो. नाहीतर तो टीव्ही.

मोबाइल घरात असला म्हणजे झालं?

'असर २०२४' अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात १४ ते १६ वयोगटातल्या ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. सर्वेक्षणाआधीच्या आठवड्यात ५७ टक्के मुलांनी तो अभ्यासासाठी वापरला, तर सोशल मीडियासाठी ७६ टक्के मुलांनी. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालानेही वर्गातल्या मोबाइलमुळे लक्ष विचलित होतं, असा इशारा दिला. त्यामुळे प्रत्येक मुलाच्या हातात मोबाइल देण्यापेक्षा वर्गात एकच पडदा आणि त्याचं बटण शिक्षकांच्या हातात, हा मार्ग स्वस्त आणि सोयीचा आहे.

वीजबिल कोण भरणार?

लोकवर्गणीतून टीव्ही, प्रोजेक्टर येतो. बिल आणि दुरुस्ती दर महिन्याला येते. समग्र शिक्षा योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येवर ठरतं. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार रुपये, ३१ ते १०० पटाला २५ हजार. वीज, पाणी, इंटरनेट, बंद साहित्याची दुरुस्ती हे सगळं यातूनच भागवायचं असतं. वस्तीवरच्या लहान शाळेला सर्वांत कमी पैसे मिळतात, पण बल्ब, पंखा आणि टीव्ही तिथेही लागतोच.

पालक काय करू शकतात?

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा ही समितीच करते. पुढच्या बैठकीत हे प्रश्न विचारा :

- शाळेतला टीव्ही किंवा प्रोजेक्टर आज चालू आहे का? बंद असेल तर कधीपासून?
- वीजबिल थकलं आहे का? अनुदानातून त्यासाठी किती ठेवले?
- या आठवड्याचे धडे डाउनलोड केले आहेत का?
- व्हिडिओनंतर मुलांना काय आलं, हे कसं तपासलं?
- ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची किती मुलं गावात राहिली? ती रोज वर्गात येतात का?

शेवटचा प्रश्न सर्वांत आधी विचारा. मूल वर्गात आलं, तरच पडद्यावरचा धडा त्याच्यापर्यंत पोहोचेल.